शाळा सुटल्यानंतरची शाळा

(संस्थेच्या पालक मेळाव्यात वाचलेल्या भाषणाचा मजकूर. लेखक : सहशिक्षक, बी.ए., बी.एड.)





हे भाषण मी पालक मेळाव्यात वाचले तेव्हा समोर बहुतेक माता-भगिनी होत्या, काही आज्या होत्या आणि पहिल्या रांगेत पाच-पंचवीस वयस्क मंडळी होती. ज्यांना हे सांगावयाचे होते त्यांच्यातले निम्मे हजर नव्हते. ते कुवेत, दोहा, दुबई, मस्कत येथे होते, कोणी जहाजावर होते, कोणी मुंबईत नोकरीवर होते. आपली ही स्मरणिका मात्र लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत बसून आखातापर्यंत जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून संपादक मंडळाने हे भाषण छापायचे ठरवले तेव्हा मला बरे वाटले. आता हे सारे मी तुमच्याशीच बोलतो आहे असे समजा. तुम्ही तिकडे खोलीत जुम्याच्या सुट्टीला हे वाचत असाल, तर विशेषच.

मला दिलेला विषय होता : किशोरवयीन मुलांचे खेळ, मित्रमंडळी आणि सहली. विषय वाचून एक पालक म्हणाले, "सर, यात भाषण करण्यासारखे काय आहे? पोरे खेळतात, भटकतात, वेळ घालवतात. अभ्यासावर बोला." त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले आणि अभ्यासावरच बोलायचे ठरवले. फरक एवढाच, की मी बोलणार आहे तो अभ्यास शाळा सुटल्यावर सुरू होतो, मगरिबच्या अजानपर्यंत चालतो आणि त्याचे प्रगतिपुस्तक आपल्या कार्यालयातून मिळत नाही.

माझे बालपण वाशिष्ठीच्या खाडीकाठी गेले. मी नववीत होतो ते २००३-०४ हे वर्ष. भातकापणी झाली, मळ्यातले तण आणि भाताचे खुंट सुकले, की आमचे मैदान तयार होई. पहिला आठवडा ढेकळे फोडण्यात जायचा. कोणाच्या तरी मामूने सौदीहून आणलेली एक खरी बॅट होती, पण तिचा मालक आउट झाला की बॅट घेऊन घरी जायचा. म्हणून माडाच्या झावळीच्या दांड्याची एक बॅट कायम राखीव असे. चेंडूसाठी प्रत्येकी एक रुपया वर्गणी. चेंडू विहिरीत गेला तर ज्याने मारला त्याने काढायचा, करवंदीच्या जाळीत गेला तर सगळ्यांनी शोधायचा. करवंदीच्या काट्यांत न्याय असा सर्वांना सारखा वाटून घ्यावा लागतो, हे आम्हांला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी कळले.

संघ दोन असायचे, पण मोहल्ल्यातली मुले एका बाजूला आणि वाडीतली दुसऱ्या बाजूला असे कधी होत नसे. कारण साधे होते. आमचा वेगवान गोलंदाज बौद्धवाडीतला, यष्टिरक्षक कुणबीवाडीतला आणि झेल न सोडणारे दोघे मोहल्ल्यातले. असे असताना वाडीवार संघ पाडले तर खेळच झाला नसता. आम्हांला कोणी एकोप्याचे धडे दिले नव्हते. आम्हांला फक्त सामना जिंकायचा होता. पंच नसल्यामुळे पायचीतचा नियमच ठेवला नव्हता आणि धावबादवरून रोज भांडण होई. भांडण कोणत्याही परिस्थितीत अजानपूर्वी मिटवावे लागे, कारण त्यानंतर कोणालाही घराबाहेर राहण्याची मुभा नव्हती. वाद वेळेत मिटवण्याचे ते शिक्षण मला आज शिक्षकांच्या बैठकीत उपयोगी पडते.

इथपर्यंतचे सारे गोड आहे आणि तुम्हांलाही आपापले मळे आठवले असतील. परंतु मला जे सांगायचे आहे ते यापुढचे आहे.

त्याच वर्षीची, २००४ च्या मे महिन्यातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी नवा चाँद दिसला होता. आम्ही चौघांनी बेत केला, की फजरनंतर खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर जायचे, ओल्या घट्ट वाळूवर क्रिकेट खेळायचे, तिसऱ्या गोळा करायच्या आणि नाश्त्याच्या वेळेला घरी यायचे. आमच्या संघनायकाला आम्ही 'कप्तान' म्हणायचो. बेत त्याचाच. घरी सांगायचे नाही, हे मात्र चौघांनी मिळून ठरवले, कारण विचारले असते तर उत्तर काय येणार ते आम्हांला पाठ होते. आमच्या घरांत बापमाणूस आखातात आणि मागे सगळी जबाबदारी एकट्या आईवर. तिला पाण्याची भीती, रस्त्याची भीती, 'पोराला काही झाले तर त्यांना काय सांगू' याची भीती. ती बिचारी सगळ्यालाच नाही म्हणायची. तिचे नाही इतके पक्के होते, की आम्ही विचारणेच सोडून दिले होते.

ओहोटी होती. पट्टा आणि काठ यांच्या मध्ये एक चर होता, त्यात गुडघाभर पाणी. हसत-खिदळत आम्ही पलीकडे गेलो. खेळ रंगला. तिसऱ्यांनी पिशवी भरली. चर पुन्हा कोणी पाहिलाच नाही.

खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो तुम्हांला हिशोब सांगेल : तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास. हिशोब ढोबळ आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यावर होड्या चालल्या. आणि अमावास्या-पुनवेच्या आसपास भरती साधी नसते, उधाणाची असते. पाणी जास्त चढते आणि जोरात येते. नवा चाँद दिसला होता, म्हणजे उधाणाचे दिवस होते. चाँद आम्ही चौघांनी पाहिला होता. त्याचा पाण्याशी काय संबंध, हे भूगोलाच्या पुस्तकात आम्ही चौघांनी वाचले होते. त्यावर पाच गुणांचा प्रश्नही सोडवला होता. वाळूवर उभे असताना ते एकालाही आठवले नाही.

परत फिरलो तेव्हा चरात छातीभर पाणी होते आणि ते ओढत होते. तिघे कसेबसे पोहत, चिखलात रुतत काठाला लागलो. मागे वळून पाहिले तर कप्तान अजून पट्ट्यावरच उभा. आम्ही ओरडलो, "अरे, ये ना!" तो हात हलवत होता. बोलावतो आहे की नको म्हणतो आहे, हेच कळेना. मग त्याने ओरडून सांगितले, "मला पोहता येत नाही!"

वर्षानुवर्षांचा मित्र. संघाचा नायक. त्याला पोहता येत नाही हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्याने कधी सांगितले नव्हते, आणि का सांगितले नव्हते हे मला त्या वयातही समजले. खाडीकाठच्या पोराला पोहता येत नाही, हे सांगायचे कोणाला?

पट्टा लहान लहान होत होता. आमच्यातला एक धावत गेला आणि जाळे सावरत बसलेल्या एका होडीवाल्या चाचांना घेऊन आला. चाचांनी काहीही न विचारता होडी ढकलली. कप्तानच्या कमरेपर्यंत पाणी आले होते. चाचांनी त्याला बखोटीला धरून आत ओढले, काठावर आणले, तिसऱ्यांची पिशवी आमच्या हातांत दिली आणि एवढेच विचारले, "घरी कोणाला सांगून आला होतात?" कोणीच उत्तर दिले नाही. चाचा म्हणाले, "मग आज तुम्ही बुडाला असतात, तर आम्ही तुम्हांला शोधायला सुरुवात कुठून केली असती?"

बंधूंनो, बी.एड.च्या वर्गात मी बालमानसशास्त्रावर बरीच व्याख्याने ऐकली. या एका प्रश्नाच्या तोडीचे त्यांतले एकही नव्हते.

घरी आम्ही खोटे बोललो. तिसऱ्या बाजारातून आणल्या म्हणालो. पण खाडीकाठी बातमी लपत नाही. चार दिवसांनी माझ्या नानांनी मला पडवीत बोलावले. मार बसणार म्हणून मी तयारीत होतो. नाना थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुझ्या त्या मित्राला पोहायला कोणी शिकवले नाही, हा तुमचा कसूर नाही. आमचा आहे." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोहल्ल्यातली आणि वाडीतली मिळून अकरा मुले जमवली. रिकामे बंद डबे पाठीला बांधून, पांगाऱ्याचे हलके ओंडके छातीखाली देऊन, गावच्या तळीवर सकाळी एक तास. नाना स्वतः काठावर लुंगी खोचून बसत. पावसाळा लागेपर्यंत कप्तान पोहायला शिकला. माझ्या आईचे 'नाही' त्यानंतर संपले असे नाही, पण त्यात एक फट पडली. ती विचारू लागली, "नाना आहेत ना बरोबर?" आणि आम्ही पुन्हा विचारू लागलो.

यावरून माझी एक समजूत झाली आहे. तीच आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. मूल धाडस करणारच. तेरा ते अठरा हे वयच तसे आहे. ते सांगून करते की लपवून करते, एवढेच आपल्या हातात असते. आणि जे घर प्रत्येक वेळी नाही म्हणते, त्या घरातले मूल धाडस सोडत नाही, विचारणे सोडते.

यावर कोणी म्हणेल, होकार देत बसलो तर मुले वाया जातील. अशा वेळी मला डॉ. सलीम अली आठवतात. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतल्या खेतवाडीत आईबापाविना वाढणारा हा मुलगा मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे राहत असे. हातात एअरगन आणि नाद चिमण्या मारण्याचा. आपल्या भाषेत वाया चाललेलाच म्हणायचा. एकदा त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, म्हणून तो मामांकडे गेला. मुद्दा येथेच आहे : तो मामांकडे गेला, त्याने ती चिमणी लपवली नाही. मामांना उत्तर येत नव्हते. त्यांनी त्याला चिठ्ठी दिली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड साहेबांनी त्याला जतन केलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. पुढे १९३० मध्ये याच सलीम अलींनी आपल्या कोकणातल्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिताना त्यांनी नावात त्या चिमणीला जागा दिली. प्रत्येक उनाड मुलगा सलीम अली होत नाही, हे मान्य. पण चिठ्ठी देणारा मामा होणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.

खेळाचेही तसेच. चिपळूणजवळचे कालुस्ते आपणांस ठाऊक आहे. त्या गावात जन्मलेले गुलाम पारकर १९८२ मध्ये लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले. आमच्या मळ्यावर प्रत्येक क्षेत्ररक्षक स्वतःला पारकर समजत असे, कारण कव्हरला त्यांचे क्षेत्ररक्षण कसे होते हे आमच्या चाचालोकांनी आम्हांला शंभर वेळा ऐकवले होते. आमच्यापैकी कोणी लॉर्ड्सला गेला नाही. एक जण दोह्याला गेला, एक पोलीस झाला, कप्तान बोटीवर आहे, मी मास्तर झालो. पण दिवसभर उन्हात उभे राहून दुसऱ्याच्या गोलंदाजीवर झेल घ्यायचा आणि त्याचे श्रेय त्याला द्यायचे, हे शिक्षण चौघांच्याही कामी आले.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे मी फक्त पालकांनाच उपदेश करतो असे वाटणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे दहावीचा वर्ग होता. निकाल चांगला लागावा म्हणून मी जानेवारीपासून दहावीच्या मुलांना मैदान बंद केले. बॅटी कपाटात कुलूपबंद केल्या. पालक खूष झाले, मीही खूष झालो. फेब्रुवारीत कळले, की मुले संध्याकाळच्या जादा तासानंतर एका जुन्या, सोडून दिलेल्या चिरेखाणीत खेळायला जातात. चिरेखाण म्हणजे काय ते कोकणात सांगायला नको. एका बाजूला सरळ कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला साचलेले पाणी. एक मुलगा चेंडूमागे धावताना खाली घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला. परीक्षेला अवघे तीन आठवडे होते. लेखनिक घेऊन त्याने पेपर दिले आणि तो पासही झाला. पण त्याला भेटायला गेलो तेव्हा तो जे म्हणाला ते मला विसरता येत नाही. तो म्हणाला, "सर, मैदानावर पडलो असतो तर हात असा मोडला नसता." त्यात राग नव्हता. तो सरळ हिशोब सांगत होता. नाना मला जे शिकवून गेले होते, ते मास्तर झाल्यावर मी विसरलो होतो. त्या वर्षापासून आमच्या वर्गाला परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत रोज पाऊण तास मैदान असते आणि मी तेथे हजर असतो.

आणि मुली? भगिनींनो, आतापर्यंतच्या गोष्टींत एकही मुलगी आली नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच. ती माझी विसर नाही, वस्तुस्थिती आहे. सातवीपर्यंत आमच्याबरोबर लंगडी आणि लगोरी खेळणाऱ्या मुली आठवीत गेल्या आणि मैदानातून नाहीशा झाल्या. त्यांच्या वाट्याला खिडकी आली. त्या वेळी आम्हांला त्यात काही चुकीचे वाटले नाही, हे आज कबूल करतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आला. खो-खोत मैदानात नऊ आणि राखीव तीन अशा बारा जणी लागतात. जिल्हा स्पर्धेच्या चार दिवस आधी आमची सर्वांत चपळ मुलगी शाळेत यायची बंद झाली. घरी गेलो. वडील आखातात. आई दाराआड उभी राहून म्हणाली, "सर, खेळू दे हो, पण एवढ्या लांब एस.टी.ने, मुक्कामाला... उद्या लोक काय म्हणतील, नि यांचा फोन आला तर मी काय सांगू?" मी नियमावली सांगितली, महिला शिक्षिका बरोबर आहेत हे सांगितले, दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात हेही सांगितले. काही उपयोग होईना. तेवढ्यात आतून मुलीची दादी आली. वय सत्तरीच्या पुढे. तिने विचारले, "त्या गाडीत एक म्हातारी बसेल एवढी जागा आहे का?" जागा होती. दादी आली. पानाचा डबा मांडीवर घेऊन तिने दोन दिवस सारे सामने पाहिले. पहिल्या सामन्यात ती गप्प होती. दुसऱ्या सामन्यात तिने पंचांना विचारले, की ती मुलगी उलट दिशेला वळली ते तुम्हांला दिसले नाही का? पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायचे नाही, हा नियम तिला एका सामन्यात पाठ झाला होता. संघ उपांत्य फेरीत हरला. परतीच्या गाडीत मुली रडत होत्या. दादी म्हणाली, "रडा, रडा. हरल्याचे रडू चांगले. घरी बसल्याचे रडू वाईट, ते मी रडलेली आहे."

आपल्या मुलींना खेळू द्यावे यासाठी मोठमोठे दाखले देता येतील. २०२२ मध्ये इस्तंबूलला निखत जरीन जगज्जेती मुष्टियोद्धा झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, ती भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनीही जिंकली, आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. हे दाखले मी वर्गात देतोच. पण आमच्या गावात पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या गाडीत ज्या मुली बसल्या त्या निखत जरीनमुळे नव्हेत, त्या दादीमुळे. "ती म्हातारी गेली होती ना?" एवढा एक प्रश्न साऱ्या मोहल्ल्याला पुरला.

आता मित्रमंडळींविषयी दोन शब्द. मुलांना वाईट संगत लागेल ही धास्ती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण संगतच नको, हा त्यावर उपाय नव्हे. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपण कोणीच विसरणार नाही. तेव्हा करोनामुळे शाळा बंद होत्या. मुले वर्षभर घरात मोबाईलवर तास घेत होती आणि तासानंतर त्याच मोबाईलवर काय पाहत होती हे त्यांचे त्यांना ठाऊक. पूर ओसरला तेव्हा बाजारपेठेत, घराघरांत चिखल. आमच्या शाळेची दहावीची आणि माजी विद्यार्थ्यांतली मुले फावडी-घमेली घेऊन निघाली. मी त्यांना विचारले, तुम्ही एकमेकांना जमवले कसे? ते म्हणाले, "सर, टुर्नामेंटचे नंबर होते ना!" कोणत्या वाडीचा संघ, कोणाकडे टेम्पो, कोणाच्या विहिरीचे पाणी स्वच्छ, हे सगळे त्यांना क्रिकेटच्या सामन्यांमुळे माहीत होते. ज्यांच्याशी धावबादवरून भांडले होते, त्यांच्याच आजीचे कपाट त्यांनी चिखलातून उचलले. ही ओळख पुराच्या दिवशी करता येत नाही, ती आधीच व्हावी लागते. आणि ती मैदानावर होते.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे माझ्या काही विनंत्या आहेत. त्या मोठ्या नाहीत.

पहिली. मूल बाहेर निघाले की तीनच प्रश्न विचारा : कुठे, कोणाबरोबर, परत कधी. आणि उत्तर खरे आले तर शक्य तेवढ्या वेळा जा म्हणा. नाही म्हणायचे असेल तेव्हा कारण सांगा. कारणासह आलेले नाही मुलाला पटले नाही तरी समजते.

दुसरी. खाडीकाठच्या प्रत्येक मुलाला, आणि पडद्याची नीट व्यवस्था करून प्रत्येक मुलीलाही, पोहायला शिकवा. भरती-ओहोटीचा तो पाऊणपटीचा हिशोब पाठ करून घ्या. पाढ्यांइतकाच तोही उपयोगाचा आहे.

तिसरी. शाळेची सहल निघाली, प्रासंगिक कराराची एस.टी. ठरली, की संमतीपत्र मुलांबरोबर घरी येते. ते कोरे परत पाठवू नका. शंका असेल तर येऊन भेटा, नाहीतर त्या दादीप्रमाणे एक जागा मागा. आम्ही देऊ.

चौथी. मोबाईल काढून घेतला की मूल मैदानावर जाते, हा समज चुकीचा आहे. मैदानावर कोणीतरी वाट पाहत असले तर ते जाते. म्हणून त्याचे मित्र घरी येऊ द्या. त्यांना नावाने ओळखा. ईदला त्यांना शिरखुर्मा द्या, आणि त्यांच्या घरच्या करंज्या तुमच्या मुलाला खाऊ द्या.

शेवटची विनंती तुम्हांला, जे दूर आहात त्यांना. आता रोज फोन होतो, चेहरा दिसतो. आमच्या वेळी आठवड्यातून एकदा शेजारच्या फोनवर वडिलांचा आवाज यायचा आणि प्रश्न ठरलेला असे : "अभ्यास चालू आहे ना?" मी हो म्हणायचो आणि फोन आईच्या हातात द्यायचो. आज मुले तेच करतात. तुम्ही एकदा वेगळा प्रश्न विचारून पाहा. "आज काय खेळलास? कोण जिंकले? भांडण झाले का?" पहिल्या दिवशी तो दोन शब्दांत उत्तर देईल. चौथ्या दिवशी तो सांगू लागेल.

हे मी का म्हणतो ते सांगून थांबतो. माझे वडील २०११ मध्ये कुवेतहून कायमचे परत आले. एका संध्याकाळी आम्ही दोघे खाडीवर बसलो होतो. ओहोटी होती, तो पट्टा उघडा पडला होता. मी त्यांना त्या मे महिन्याची सगळी हकीकत सांगितली. सात वर्षे झाली होती. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला कोणी सांगितलेच नाही." थोड्या वेळाने पाण्याकडे पाहत म्हणाले, "तिथेच, त्याच चरात, मीही एकदा अडकलो होतो. तुझ्याहून लहान होतो. घरी कोणाला बोललो नाही. आज तुलाच पहिल्यांदा सांगतो आहे."

त्यांनी तेव्हा घरी सांगितले असते, तर कदाचित तो चर आम्हांला लहानपणीच कोणी दाखवून ठेवला असता. आपण आपल्या मुलांना सांगूया, आणि त्यांचे ऐकूया.